बाकावरच्या गादीचा जळफळाट

मित्रांनो, मी एक जुनी, बसून बसून चपटी झालेली गादी आहे. झोपायची नव्हे हं, बाकावर टाकून बसायची. रंग गडद तांबडा, कव्हर रेग्झीनचं, एका बाजूला धरायला पट्टा. बेसबॉलच्या मैदानात उजव्या टोकाच्या स्वस्त बाकांवर माझा सगळा जन्म गेला, आणि तरीही मी एकही चेंडू डोळ्यांनी पाहिलेला नाही. कसा पाहणार? खेळ सुरू झाला की माझी मालकीण बर्नी माझ्यावर बसलेली आणि खेळ संपला की मी तिच्या काखेत. तुम्हाला हसू येत असेल तर खुशाल हसा. पण त्या मैदानात कोण खरं खेळलं आणि कोण खोटं, याचा भार मी सोसलाय.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी जळकुटी आहे. गाद्या सोशिक असतात, मायाळू असतात, असं तुम्ही कुठे वाचलं असेल तर ते माझ्याबद्दल नव्हे. एका माणसाचा मला इतका हेवा वाटायचा की आतला फोम करपेल असं वाटायचं. आणि त्या माणसाला माझा पत्ताही नव्हता.

मला कॅझने शिवलं. कॅझ कोझाक, बर्नीचा नवरा. मोठ्या तळ्याकाठच्या आमच्या शहरात तेव्हा मोटारींचे कारखाने जोरात चालू होते आणि कॅझ त्यातल्या एकात मोटारींच्या सीटा शिवायचा. एप्रिलमध्ये, बेसबॉलचा मोसम सुरू होतो तेव्हा, तळ्यावरून असा वारा सुटतो की ॲल्युमिनियमच्या बाकावर बसवत नाही. बर्नी दर सामन्याला कुरकुरायची. "तुझा संघ हरतोय ते हरतोय, वर माझं बूड गोठतंय!" शेवटी कॅझने कारखान्यातलं उरलेलं रेग्झीन आणलं, सीटमध्ये भरायचा जाड फोम आणला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर मला शिवून काढलं. त्याने मला दोघांच्या मापाची केली, चांगली लांबलचक.

"अरे, दोन वेगळ्या करायच्यास की," बर्नी म्हणाली. "उचलायला सोप्या गेल्या असत्या."

"वेगळ्या केल्या तर भांडण झालं की तू तुझी उचलून पलीकडच्या बाकावर जाशील."

"आता काय जाणार नाही?"

"आता गेलीस तर मलाही ओढत न्यावं लागेल," कॅझ म्हणाला, आणि पट्टा पक्का शिवून टाकला.

खालून खेळ कसा कळायचा, असं विचाराल तर वजनावरून. चेंडू पडायच्या बेतात असला की माणूस पुढे सरकून माझ्या कडेवर येतो. आपला गडी बाद झाला की धपकन मागे बसतो. चेंडू उंच उडाला की वजन हलकं होऊ लागतं, आणि तो कुंपणापलीकडे लोकांत जाऊन पडला, म्हणजे होम रन झाला, की वजन नाहीसंच होतं. सगळे उभे. सातव्या डावात मैदानभर लोक उठून गाणं म्हणतात, पाय मोकळे करतात, तेवढी माझी हक्काची सुट्टी असायची.

कॅझ मात्र सहजासहजी उठणाऱ्यांतला नव्हता. मागच्या बाकावर रुफस बसायचा, सिटी बसचा ड्रायव्हर, मोठ्या आवाजाचा. शेंगा तो खायचा आणि टरफलं आमच्या अंगावर. तो कॅझच्या पाठीत ढोसायचा. "अरे ऊठ की! होम रन झालाय, झोपलास का?"

"टाळ्या वाजवतोय ना."

"टाळ्या बसून वाजवतात होय?"

"टाळ्या कुणालाही द्याव्यात," कॅझ म्हणायचा. "उभं राहायचं ते वॉलीसाठी."

वॉली पिलार्स्की आमच्याच वस्तीतला, आमच्याच चर्चचा. बाप भट्टीवर ओतकाम करणारा. हिवाळ्यात खेळ नसला की वॉली स्वतःही त्याच भट्टीवर कामाला जायचा, आणि शुक्रवारी चर्चच्या तळघरात तळलेल्या माशांच्या जेवणाच्या रांगेत ताट घेऊन सगळ्यांसारखा उभा राहायचा. एका मोसमात सगळ्यात जास्त होम रन मारण्याचा आमच्या संघाचा विक्रम त्याचा. वॉलीची बॅट कडाडली की कॅझ उठायचा, आणि तो उठला की बर्नीही उठायची. हा आमच्या बाकाचा नियम होता आणि मला तो मान्य होता. वॉलीचा मला कधी हेवा वाटला नाही. दोघं एकदम उठत, एकदम बसत आणि बसताना हसत असत. हसणाऱ्या माणसाचं वजन चांगलं लागतं.

पुढे वॉलीने खेळ सोडला. त्यानंतर काही वर्षांनी, एका हिवाळ्यात, कॅझ झोपेतच गेला.

पुढच्या एप्रिलमध्ये बर्नी एकटीच मैदानावर आली. मला बाकावर पसरलं आणि आपल्या अर्ध्यावर बसली. कॅझचा अर्धा भाग तसाच मोकळा. गर्दी असली तरी तिथे कुणी बसायला धजत नव्हतं, कारण रुफस मागून असा डोळे वटारायचा. ती पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत बसून राहायची. होम रन होवो, संघ जिंको, बाई हलायची नाही. सातव्या डावातल्या गाण्यालासुद्धा नाही.

"बर्नी, निदान पाय मोकळे कर," रुफस म्हणायचा.

"गुडघे दुखतात."

"मागच्या वर्षी नव्हते दुखत."

"मागच्या वर्षी तू कमी बोलायचास."

आणि मी? मित्रांनो, मी सुखात होते! तुम्हाला वाईट वाटेल, पण खरं तेच सांगते. कॅझची आठवण मलाही यायची, तरीही आता बर्नी पूर्ण माझी होती. गारठ्यात मी तिला ऊब देत होते, ती सगळा भार माझ्यावर टाकून बसत होती, आणि मला वाटायचं की हे असंच चालू राहो. तिचं दुःख माझ्या पोटात जिरत होतं, आणि ते मी दुसऱ्या कुणाला द्यायला तयार नव्हते.

मग आमच्या संघात डेल हॅस्कल आला.

पहिल्या वर्षी तो बेताचाच होता म्हणे. पण दुसऱ्या वर्षी हिवाळी सुट्टीनंतर परत आला तो अंगाने दुप्पट होऊनच. "दंड बघ त्याचे," रुफस म्हणाला, "भोपळे लटकवल्यासारखे!" आणि मग एके दुपारी त्याच्या बॅटचा आवाज झाला. तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. बाक थरथरलं, आरडाओरडा झाला, आणि माझ्यावरचं वजन गेलं. मला आधी काही कळेचना. मग तळ्यावरचा गार वारा अंगाला लागला आणि कळलं. बर्नी उठली होती.

"बर्नी! अगं, उभी आहेस तू!" रुफस ओरडला.

"अगंबाई," बर्नी म्हणाली. "खरंच की."

ती खाली बसली तेव्हा हसत होती. कॅझ गेल्यापासून पहिल्यांदा. अशा वेळी चांगल्या गादीला आनंद व्हायला हवा होता, नाही का? माझा नुसता जळफळाट झाला. ऊब द्यायची मी, भार सोसायचा मी, आणि हा कोण कुठला सोम्यागोम्या येतो, एकदा दांडा फिरवतो आणि बाईला उठवून दाखवतो!

तिथून माझे हाल सुरू झाले. हॅस्कल मैदानात उजवीकडेच उभा राहायचा, आमच्या बाकांसमोर. बर्नी हाका मारायची, "डेल बाळा, आज एक मार रे माझ्यासाठी!" एकदा त्याने वळून टोपीला हात लावला, तर ही आठवडाभर सांगत सुटली. तिने पुन्हा लिपस्टिक लावायला सुरुवात केली. कुणासाठी? त्याला हिचे ओठ एवढ्या लांबून दिसणार तरी होते का? कहर म्हणजे तिने फोमचा मोठा हात विकत आणला, बोट वर केलेला, त्यावर हॅस्कलचा नंबर. फोम माझ्याच जातीचा, पण त्याचा थाट बघा. तो हवेत नाचायचा आणि मी बुडाखाली. खेळ थांबला की बर्नी त्याला कुठे ठेवायची, माहीत आहे? माझ्यावर. कॅझच्या जागेवर. माझी सवत माझ्याच उरावर आणून बसवली होती.

एके दिवशी मागून रुफसचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू. "बर्नी, एक विचारू? पस्तिशीतल्या माणसाचं डोकं वाढतं का?"

"म्हणजे?"

"ह्याची टोपी बघ. गेल्या वर्षीची बसत नाही म्हणे त्याला. काहीतरी टोचून घेतोय हा."

"तुझं पोट वाढलंय ते काय टोचून घेतोस?"

आजूबाजूचे खो खो हसले. रुफस हसला नाही. "मी गंमत करत नाहीये."

"मेहनत करतो बिचारा. व्यायाम करतो."

"व्यायामाने डोकं वाढत असतं तर माझ्या मुख्याध्यापकांनी शाळाभर दंडबैठका काढायला लावल्या असत्या."

 बर्नी म्हणाली, "हे बघ रुफस, तो काय घेतो न घेतो ते मला ठाऊक नाही, आणि मला माहीत करूनही घ्यायचं नाही. तो मारतो आणि मी उठते. एवढ्यावर गप्प बस की रे." तिचं वजन तेव्हा एका बाजूला कललं होतं. माणूस दुसऱ्याशी नाही तर स्वतःशी वाद घालतो तेव्हा असा कलतो. रुफसनेही पुन्हा तो विषय काढला नाही.

मग विक्रमाचा दिवस आला. वॉलीचा विक्रम मोडायला हॅस्कलला एकच होम रन हवा होता. संघवाल्यांनी वॉलीला मुद्दाम बोलावलं होतं, हॅस्कलचं अभिनंदन करायला. आता तो म्हातारा झाला होता. मैदानाच्या कडेला टोपी हातात धरून उभा होता, असं बर्नीच रुफसला सांगत होती. तिसऱ्या डावात तो आवाज झाला. बर्नी नुसती उठली नाही, ती बाकावर चढली! पुढच्यांची डोकी आड येत होती म्हणून माझ्यावर, कॅझच्या अर्ध्यावर, बूट घालून उभी राहिली, आणि तिच्या टाचेने माझं रेग्झीन फाटलं. मागच्या बाकावर रुफस बसून होता. बसूनच टाळ्या वाजवत होता.

सोहळा झाला, हात मिळवले गेले, फोटो निघाले. वॉली परत जायला निघाला तो उजव्या कुंपणाच्या कडेकडेने, आमच्या बाकांसमोरून. आमच्या बाकांवरचे लोक जाणाऱ्या येणाऱ्याला काहीतरी ओरडल्याशिवाय सोडत नाहीत, ती इथली रीतच आहे. पण त्या दिवशी सगळ्यात मोठ्याने ओरडली ती बर्नी. "वॉली, आता घरी जा रे बाबा! तुझा जमाना संपला!"

सगळी बाकं हसली. वॉलीने टोपी उंचावली आणि गेला.

त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात बातमी फुटली. हिवाळ्यात मी स्वयंपाकघराच्या दारामागे खुंटीला लटकत असते, तिथून मला टेबल दिसतं. बर्नी पिरोगीसाठी, म्हणजे सारण भरून उकडायच्या करंज्यांसाठी, बटाटे सोलत होती आणि रेडिओवर खुद्द हॅस्कल बोलत होता. रडवेल्या आवाजात. इंजेक्शनं घेतली, म्हणाला. विक्रमाच्या वर्षीही घेतली. दुखापत लवकर बरी होण्यासाठी सुरू केली आणि मग सोडवली नाहीत. एका पूर्ण मोसमाची बंदी.

मला काय झालं सांगू? मी खुंटीवर नाचायचीच बाकी होते. उघडा पडला! भोपळे खोटे, डोकं खोटं, सगळंच खोटं! बर्नी उठली, फोमचा हात कपाटावरून काढला, मधोमध दुमडला आणि कचऱ्याच्या डब्यात कोंबला. माझा तर सणच होता. आता ही पुन्हा माझी, असं मी मनात म्हटलं.

मग ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. फाटलेल्या जागेवर तिने बोट ठेवलं. "कॅझ," ती म्हणाली, "तुझ्या माणसाला मी घरी जा म्हटलं रे. ह्याच्यासाठी."

त्या वसंतात ती मैदानावर गेली नाही. शुक्रवारी चर्चमध्ये मासे खायला जायची तेही सोडलं, कारण तिथे रांगेत वॉली असायचा. मी खुंटीलाच. मला ती हवी होती, आणि मिळालं काय, तर दारामागचा कोपरा आणि कांद्याचा वास. रुफस फोन करायचा. एकदा तो इतक्या मोठ्याने बोलत होता की मला खुंटीवर ऐकू आलं.

"'मी सांगितलं होतं ना,' असं म्हणून मोकळा हो एकदा," बर्नी त्याला म्हणाली.

"कशाला म्हणू? मीही टाळ्या वाजवल्याच की. बसून वाजवल्या एवढंच. आपण सगळ्यांनीच घेतलंय ते, बर्नी. त्याने सुईने घेतलं, आपण डोळ्यांनी."

"तू निदान वॉलीला घरी जा तरी म्हणाला नाहीस."

आणि तिने फोन ठेवून दिला.

बंदी संपली आणि हॅस्कल परत आला, आमच्याच संघात. त्या सकाळी रुफस घरी आला, खुंटीवरून मला काढलं आणि बर्नीला म्हणाला, "चल. नाही म्हणू नकोस. गाडीत एक जण बसलाय." बर्नीने मला त्याच्या हातातून ओढून घेतलं, फाटलेल्या जागी घाईघाईने निळ्या कापडाचं ठिगळ मारलं आणि बाहेर गेली. गाडीत मागच्या सीटवर वॉली पिलार्स्की होता.

मैदानावर पोचलो. बाकावर मला पसरलं. बर्नी बसली. वॉली उभाच राहिला.

"इथे बसू का? कुणाची जागा आहे?"

"माझ्या नवऱ्याची," बर्नी म्हणाली. "बसा. त्याला आवडलं असतं."

तो बसला. किती हलका होता म्हातारा! एवढे होम रन मारणारा माणूस, आणि वजन जेमतेम.  मग बर्नी म्हणाली, "त्या दिवशी कुंपणाजवळ तुम्हाला कुणीतरी ओरडून बोललं होतं. ती मी होते."

"ठाऊक आहे मला. मी वर पाहिलं होतं."

"मला माफ करा, वॉली."

"बाकांवरून काय काय ओरडतात लोक. मला एकदा माझ्या आईवरून ओरडले होते, आणि आई तिथेच बसली होती." तो थोडा हसला. मग म्हणाला, "खरं सांगू? त्या दिवशी त्याच्याशी हात मिळवताना मी जळत होतो. माझ्या जन्मात मी एवढा लांब चेंडू मारला नव्हता. मग तो खोटा निघाला तेव्हा मला आनंद झाला, घरात एकटाच हसलो. आणि नंतर त्या हसण्याचीच लाज वाटली. असं वाटण्यासाठी थोडाच खेळलो होतो मी!"

मित्रांनो, इतकी वर्षं मला वाटत होतं की या मैदानात जळणारी मी एकटीच. तर माझ्या एका अर्ध्यावर एक जळका म्हातारा बसला होता, आणि तो चांगला माणूस होता.

तेवढ्यात हॅस्कलचं नाव पुकारलं गेलं. सगळी बाकं उठली. अर्धे लोक शिव्या द्यायला, अर्धे टाळ्या वाजवायला. कुणी पुठ्ठ्याच्या मोठमोठ्या सुया नाचवत होतं, कुणी पाठ फिरवून उभं होतं. पण उभे सगळेच होते, रुफससुद्धा. सगळ्या मैदानात बसलेली माणसं दोनच, आणि दोन्ही माझ्यावर.

हाच तो क्षण होता, ज्याची मी इतकी वर्षं वाट पाहिली होती. तो मैदानात आणि ती माझ्यावर बसलेली! मग तो आवाज झाला. पूर्वीइतका मोठा नाही, पण मी ओळखला. वरून ओरडा उठला, "गेला, गेला, बाहेर गेला!" आणि बर्नीचं वजन हललं. तिने दोन्ही हातांनी माझी कड घट्ट धरली आणि स्वतःला खाली दाबून ठेवलं. इतकी जड ती कधीच झाली नव्हती, कॅझ गेल्यानंतरच्या एप्रिलमध्येसुद्धा नाही.

"वॉली," ती म्हणाली, "मला उठावंसं वाटतंय हो. एवढं सगळं कळूनही वाटतंय."

वॉलीनेही माझी दुसरी कड धरली होती. "मलाही," तो म्हणाला.

दोघं बसून राहिले. ती माझ्यावर होती, पूर्ण भारासह, आणि तरी ती माझी नव्हती. त्या दिवसाइतका हॅस्कलचा हेवा मला कधीच वाटला नाही.

मित्रांनो, आता मी फार म्हातारी झाले आहे. फोमचा भुगा होतोय, निळं ठिगळही विरलंय. मला जपून ठेवा असं मी म्हणत नाही. मागणं एकच आहे, आणि ते तुमच्यातल्या जो कुणी पुढे मोठा खेळाडू होईल त्याच्याकडे आहे. तुझ्यासाठी हजारो लोक उठतील. त्यांत एखादी अशी असेल, जी कित्येक दिवसांत कुणासाठीच उठलेली नसेल. तिला खोटं उठवू नकोस रे. पुन्हा खाली बसताना ती किती जड झालेली असते, ते तुला वरून कधीच कळायचं नाही.